नातालीनच्या बोटांवरचा माझा हक्क

“जमिनीवर ठेवू नगं. नटायला गळ्यात घालू नगं. आन जपताना मन दुसरीकडं पळालं, तर पयल्या मण्यापासनं परत धर.”

हे शब्द पासकूबाईंचे. आपल्या लेकीच्या, नातालीनच्या हातात मला पहिल्यांदा ठेवताना त्यांनी तिला हे सांगितलं होतं. मित्रांनो, मी एक जुनी जपमाळ आहे. कारखान्यात नाही, मी ओढ्याकाठी जन्मले. जोयड्याच्या रानात पाण्याजवळ एक गवत वाढतं. त्याला राखाडी, टणक, गुळगुळीत बी येतं आणि त्या बियांत भोक देवानंच पाडून ठेवलेलं असतं. पासकूबाईंनी लग्नाआधी ते बी वेचलं, मजबूत दोऱ्यात ओवलं आणि टोकाला शिसवाचा इवलासा क्रूस बांधला. पाद्रींनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि मी त्यांच्या रामनगरच्या कौलारू घरात कामाला लागले.

पुष्कळ वर्षं मी पासकूबाईंच्या हातात होते. मग नातालीनच्या हाती आले आणि तिथं मला खरं सुख लागलं. तिची बोटं शिवणकामानं खरबरीत झालेली, पण माझ्यावर फिरताना अगदी हलकी होत. रोज संध्याकाळी घरातल्या छोट्या वेदीपुढे मेणबत्ती लागे आणि घरची प्रार्थना तीच सांगे. शेजारच्या आनामारी म्हणत, “पासकूअक्का, तुज्या लेकीचा जप ऐकला की माजं गुडघं बी दुखायचं थांबत्यात!” मी फुगून जाई. ती स्तुती निम्मी माझीच नव्हती का?

मग रक्षिता आली.

तालुक्याच्या गावी, जोयड्यात, तिचं झेरॉक्सचं दुकान. नातालीन तिथल्याच शिवणवर्गात शिकवायला जाते. मी तिच्या पर्समध्ये असते, म्हणून मला सगळं ठाऊक. आधी दोघी चहा प्यायच्या. मग बस येईपर्यंत बोलत बसायच्या. एकदा पाऊस पडत असताना रक्षितानं नातालीनचा हात हातात घेतला आणि बस आली तरी सोडला नाही. माझीच बोटं ती! मला मत्सर वाटला. मत्सर वाटतो असं म्हणू नये, जपमाळेनं तर नाहीच. पण खोटंही बोलू नये. मला तो आजही वाटतो.

त्यातून आणखी एक झालं. पासकूबाईंच्या घरी एक रीत आहे. प्रार्थना सुरू होण्याआधी प्रत्येकानं सांगायचं, आजचा जप कुणासाठी. आनामारी आपल्या गुडघ्यांसाठी सांगत, पासकूबाई गेलेल्या नवऱ्यासाठी. नातालीन खाली बघून म्हणू लागली, “रक्षितासाठी.” दुसऱ्या दिवशीही रक्षिता. पुढच्या आठवड्यातही रक्षिता. मणी माझे, आणि नाव तिचं!

रक्षिता म्हणजे लेकीची जोयड्यातली झेरॉक्सवाली मैत्रीण, एवढंच पासकूबाईंना ठाऊक होतं. रोज एकाच माणसासाठी जप म्हणजे आजार मोठा, असंच त्यांनी धरलं. त्यांनी लेकीला विचारलंही नाही. विचारून तिला रडवायचं कशाला? गावाच्या वाटेवरच्या पांढऱ्या क्रूसापाशी सगळ्या बायका प्रार्थनेला जमल्या, तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सायबा, जोयड्याची रक्षिता बरी असू दे. मी सोता तिच्या दारात जाऊन जपमाळ म्हणंन.” हा नवस होता, आणि पासकूबाईंचा नवस म्हणजे दगडावरची रेघ. उपास असो की पहाटेची प्रार्थना, त्यांनी कधी काही चुकवलं नाही.

चार दिवसांनी आनामारी रेशनकार्डाच्या कामाला जोयड्याला गेल्या. आजारी पोरीला बघून येऊ म्हणून त्यांनी केळी घेतली. परत आल्या त्या दारातूनच ओरडत.

“पासकूअक्का! ती कसली आजारी! भरला शिलिंडर खांद्यावर घिऊन उभी हुती! वर मलाच इचारती, मावशी, तुमी का दमलाय? केळी मीच खाल्ली बसमदी.”

पासकूबाई हसल्या नाहीत. आनामारी घरी गेल्यावर त्यांनी विचारलं, “मग तू रोज कशापायी मागत हुतीस?”

नातालीननं मला घट्ट धरलं. इतकं घट्ट, की माझे मणी तिच्या तळव्यात रुतले.

“ती आजारी न्हाई, माय. ती माजी हाय. तू पोरगा बघायचं म्हणतीस, त्या जागी माज्या मनात ती हाय. पयल्यापासनं मी अशीच हाय.”

“ह्याला पाप म्हणत्यात, बाय.”

“म्हणत्यात. मी बी लई वर्सं तेच म्हणलं. देवाला म्हणलं, काढून टाक हे. त्यानं काढलं न्हाई. मी त्याची बी हाय आन अशी बी हाय, माय. दोन्ही खरं. त्यातलं कुठलं खोटं म्हणू?”

मित्रांनो, मी कान टवकारले होते. मला वाटलं, आता निवड होणार. एका बाजूला ती झेरॉक्सवाली, एका बाजूला मी. आणि नातालीन मलाच निवडणार, याची मला खात्री होती. पण तिनं मला आईच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, “तुला वाटंल तवा परत दे. हिला हातात धरून मी खोटं बोलणार न्हाई.”

पासकूबाईंनी मला वेदीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. मायलेकी एका घरात राहत होत्या, पण जेवायला वाढण्यापुरतंच बोलत होत्या. संध्याकाळची प्रार्थना पासकूबाई एकट्याच म्हणत, तीही मला न घेता. माझ्यावर धूळ बसली. कोळ्यानं माझ्या क्रूसाला धागा लावला. ज्या हातांसाठी मी झिजले, ते हात समोरून जात, आणि माझ्याकडे बघतही नसत.

मग एका सकाळी मला चुलीपाशी ओळखीचा आवाज आला. नातालीन भाकरी भाजता भाजता जप म्हणत होती. माझ्याशिवाय! पिठानं माखलेली बोटं ती एकेक करून मिटत होती. प्रत्येक बोट म्हणजे एक मणी. रक्षिताचा हेवा मी समजू शकत होते. पण आता मला चक्क नातालीनच्याच बोटांचा हेवा वाटू लागला. तिनं देवाला सोडलं नव्हतं. तिचं फक्त माझ्यावाचून अडलं नव्हतं.

पासकूबाईही दाराआड उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “अजून म्हणतीस?”

“रोज.”

“तिच्यासाठी?”

“तिच्यासाठी. आन तुज्यासाठी बी. तू बोलत न्हाईस, म्हणून तुज्यासाठी जास्त.”

पासकूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि परसात निघून गेल्या.

मित्रांनो, जपमाळ खिळ्याला टांगली तर ती मोडत नाही. ती नुसती धूळ खाते, आणि कुणाला वाटतं की आपण ती जपून ठेवली आहे. माणसांचंही तसंच आहे. आपल्या घरातल्या कुणी आपल्याला न समजणारं काही सांगितलं, तर त्याला खिळ्याला अडकवू नका. हे मी मोठ्या मनानं सांगत नाही. माझं मन अजून जळतंच. पण नातालीन घरात असून नसल्यासारखी झाली, ते दिवस माझ्या जळण्यापेक्षा वाईट होते.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून पासकूबाई घरी आल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याचा धागा सोडवला आणि पदराच्या टोकानं एकेक मणी पुसला. आनामारी ओसरीवर बसल्या होत्या.

“कुठं निघालीस गं?”

“नवस फेडायला. रक्षिताच्या दारात.”

“आता कसला नवस? ती आजारीच न्हवती की!”

“मी काय म्हणलं हुतं? ती बरी असू दे. बरी हाय न्हवं? देवानं त्याचं काम केलंय. माजं ऱ्हायलंय.”

“आन तिथं जाऊन काय बोलशील?”

“ते मला ठाव न्हाई. जप तर येतो.”

नेऊन नेऊन मला कुठं नेत होत्या, तर तिच्याच दारात! मी मुठीत धुसफुसत होते. नातालीन आतून बाहेर आली. आईच्या हातात मला बघून ती जागच्या जागी थांबली. पासकूबाईंनी चपला घातल्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “भाकरी झाकून ठिव. मला उशीर हुईल.” मग छत्री घेतली, दार हळूच ओढलं आणि जोयड्याच्या बसकडे चालू लागल्या.