डाउनलोड केलेला दादा

लहानपणी व्हिडिओ गेम खेळताना दादा धाकटीच्या हातात वायर तुटलेला कंट्रोलर द्यायचा आणि वर म्हणायचा, "छान खेळतेयस की!" ती बिचारी बटणं दाबदाबून पडद्यावर मार खायची. पुढे ही लबाडी कळली, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दहा वेगवेगळ्या गेममधले पहिलवान ज्यात एकमेकांना भिडायचे, त्याच जुन्या गेमसाठी तिने मनातल्या मनात कितीदा नवा फायटर रचला. शेवटी प्रोग्रामिंग शिकून बनवलाच: दादाचंच टक्कल, दादाचीच ढेरी. तो गेममध्ये डाउनलोड होताच दादा हरखला आणि स्वतःलाच निवडून बसला.

पडद्यावरचा दादा मात्र ढिम्म हलेना. धाकटीने त्याला यथेच्छ तुडवला.

"अगं, कंट्रोलर बिघडलाय!"

"छे रे दादा, छान खेळतोयस की!"