परत आलेली टोपली

२००९चा ऑक्टोबर. दुबईत नोकऱ्या जात होत्या आणि अल बर्शाच्या त्या इमारतीतून दर आठवड्याला कुणाचं तरी सामान खाली उतरत होतं. तरीही लिफ्टपाशी यादी लागली! हॅलोविनची टोपली कुणी कुणाला द्यायची, याची. चॉकलेटं, गोळ्या, मुलांसाठी चार गमतीच्या वस्तू. आणि जिला मिळेल तिनं तोडीस तोड भरून परत करायची.

यादी सुहासिनीची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हिनं तेही ठरवून दिलं होतं. "दीडशे दिरहम? म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये!" पुण्याहून आलेल्या तिच्या सासूबाई, मनोरमाबाई, हबकल्याच.

सुहासिनीची टोपली पाचव्या मजल्यावरच्या कुंदाकडे गेली. दोघींच्या मुली, ईश्वरी आणि अस्मी, एका वर्गात. कुंदा मात्र हल्ली भेटायचं टाळायची. शिष्ट झालीय, असं सुहासिनीचं निदान.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात टोपली होती, कुंदा निघून गेली होती. सुहासिनीनं कागद सोडला आणि तिचा पारा चढला.

"कमाल आहे! माझीच चॉकलेटं मला परत? एकही न उघडता?"

चॉकलेटांखाली खेळणी होती. सात वर्षांच्या ईश्वरीनं एक बाहुली ओढून काढली. "मम्मा, धिस इज अस्मीज! आय कट हर हेअर, सी? शी कान्ट स्लीप विदाउट हर."

सुहासिनीनं बाहुली हातात घेतली. पोरीच्या उशाची बाहुली धुऊन, पुसून, रिबन बांधून भेट म्हणून आली होती!

"पण आई, मी कुठे सक्ती केली होती?" ती सासूबाईंना म्हणाली.

"तिचं नाव लिहून चारचौघांत लावलंस, आणखी काय करायचं राहिलं?" मनोरमाबाई म्हणाल्या. "भांडं रिकामं परत करू नये, हे खरं. पण आम्ही चिमूटभर साखर घालायचो, तरी मान राहायचा. तुम्ही साखरेलाच भाव लावलात!"

सुहासिनी तशीच टोपली घेऊन वर गेली. कुंदाच्या हॉलमध्ये बॅगा भरलेल्या होत्या.

"मार्चपासून ह्यांना सॅलरी नाही. आता ऑफिसच खलास," कुंदा खाली बघत म्हणाली. "शुक्रवारी निघतोय."

"अगं, मला एका शब्दानं सांगायचंस!"

"सांगणार होते. तू आलीस तेव्हा हातात यादी होती."

सुहासिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं बाहुली अस्मीच्या हातात दिली, चॉकलेटं आणि बाकीची खेळणी टेबलावर ओतली. कुंदा सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली. भरलेल्या खोक्यांत साखरेचा डबा शोधू लागली.

सुहासिनीनं तिचा हात धरला. "नको गं. आज रिकामीच दे."

खाली येऊन तिनं यादी फाडली. शुक्रवारी पाचवा मजला रिकामा झाला. फाडलेल्या यादीनं कुंदा काही थांबली नाही.

वाचकहो, आपल्याही इमारतींत अशा याद्या लागतात. कधी सणाच्या, कधी वाढदिवसाच्या. टोपली जरूर द्या. पण दिलेलं परत यायलाच हवं, असा नेम करू नका. आणि दार उघडलं, की आधी त्या घरातल्या माणसाची चौकशी करा.