ओवाळणीचा डबा

“भोकं पाडून पुरायचे? पण साहेब, धुऊन वापरता येतात की रिकामे डबे,” कमळाकर म्हणाला.

खालापूरच्या शेती औषधांच्या गोदामात तो एकोणीस वर्षं राखणदार होता. शहाऐंशी साल चालू होतं. साहेबांनी टेबलावरचा कागद त्याच्यापुढे सरकवला. “गेल्या साली रोमला जगभरच्या देशांनी बसून नियम ठरवलेत. त्यावरून निघालंय हे परिपत्रक. कीटकनाशकाचा डबा कुणाच्या घरात जाता कामा नये. कितीही धुतला तरी त्यात विष उरतं. पोटात गेलं तर माणसाला झटकेसुद्धा येतात.”

झटके म्हटल्यावर कमळाकरचं पुढच्या बोलण्यावरचं लक्ष उडालं.

रोम कुठे आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या कुंभिवली गावातलं घर न् घर ठाऊक होतं. हंगाम संपला की घट्ट झाकणाचे डबे तो तिथल्या बायकांना वाटायचा. उंदरांना दाद न देणारा डबा फुकट मिळतो म्हटल्यावर गावात त्याला केवढा मान. त्यातला सगळ्यांत मोठा डबा त्याने तीन वर्षांपूर्वी बहिणीला, सोनुबाईला, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिला होता. राखेने घासला, उन्हात तापवला, वरचं कवटीचं चित्र खरवडून काढलं आणि हौसेने निळा रंग मारला. सोनुबाई त्यात तांदूळ ठेवायची. तिच्या मुलीला, बायजाला, दोन वर्षं झटके येत होते. पोरीची शाळासुद्धा सुटली होती.

हातोडी आणि मोठा खिळा पिशवीत टाकून तो सायकलवर बसला. कुंभिवलीत शिरताना सोनुबाईचं घर पहिलं लागतं. घंटी न वाजवता तो तिथून पुढे गेला.

पुढच्या घरातली मालनबाई डबा परत मागताच भडकली. “दिल्याली वस्तू परत मागतोस? लाज नाय वाटत?”

“विष हाय त्यात, मालनबाई.”

“मंग दिलास तवा काय व्हतं?”

तिथून तो दुसऱ्या घरी गेला, तिसऱ्या घरी गेला. पाणी दिलं तर पिववेना, बस म्हटलं तर बसवेना. ज्यांना कधी डबा दिलाच नव्हता त्यांच्याही दारात तो उगाच उभा राहून आला. घाबरट होता, दुसरं काय.

परतताना सोनुबाई दारातच उभी होती. “दादा, मगाशी गेलास तो हाकसुदीक नाय मारलीस?”

बायजा ओटीवर खडे मांडत बसली होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “तो डबा दे. झाकान गंजलंय त्याचं.”

“कुठं गंजलंय? नव्यासारखा हाय.”

खोटं त्याला पुढे रेटता येईना. उंबऱ्यावर बसून त्याने सगळं सांगितलं.

सोनुबाईने ओटीवरच्या बायजाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “बायजाचं त्याच्यामुळंच का रं?”

“ठाव नाय. पन असंल, सोनू.”

ती आत गेली. डबा उचलून परसात आणला. खड्डा खणून सगळे तांदूळ त्यात ओतले आणि कोंबड्या धावल्या तेव्हा त्यांना हाकलून वर माती लोटली. मग डबा पालथा घालून दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“मार.”

कमळाकरने खिळा टेकवला. पण दोनदा घाव चुकला. सोनुबाईने त्याच्याकडून हातोडी घेतली आणि एकेक करून भोकं पाडली. निळ्या रंगाचे कपचे तिच्या मांडीवर पडत होते. सगळं झाल्यावर तिने डबा त्याच्या कॅरियरला बांधून दिला, दोरीची गाठसुद्धा तिनेच मारली.

तो पायडलवर पाय ठेवणार, तोच ती म्हणाली, “दिवाळीला येशील ना?”

त्याने मागे वळून कॅरियरवरची गाठ उगाच चाचपली.

“ये,” ती म्हणाली. “मोकळ्या हातानं ये.”