पॅकिंगच्या टेबलावरचं वलय

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळं काम थांबवून माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिंतीवर प्रोजेक्टरने कारखान्याचा नकाशा पाडला होता आणि त्यावर लाल वलयं उमटली होती, एकात एक, जसजसं आत जावं तसतशी गडद. सगळ्यात आतलं वलय बरोबर पॅकिंगच्या टेबलावर बसलं होतं. कुणी हात जोडले होते, कुणी डोळे पुसत होतं.

त्या टेबलावर काम करायची माझी नणंद. निरोप मिळाला तशी मी कॉलेजातून धावत आले, तेव्हा तिला चौघांनी पहिल्या प्रेसपाशी धरून ठेवलं होतं. तिचा पुढचा दात पडला होता. केस उपटल्यामुळे कानामागून रक्त वाहत होतं. उजवा हात मनगटापर्यंत प्रेसच्या साच्यावर दाबून धरला होता आणि खाली पेडलवर एकाचा पाय होता. पेडल दाबलं की वरचा ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचं झाकण तयार होतं. हाताचं काय होतं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरात अकरा जणांची बोटं याच कारखान्यात गेली होती.

"अकराही अपघात मी संगणकात घातले," लॅपटॉपसमोर बसलेला महाराज मधाळ आवाजात सांगत होता. मालकानेच त्याला आणलं होतं. "संगणकाला ना नातं, ना गोतं. तो कशाला खोटं बोलेल? तुमच्या दुःखाची घनता त्याने मोजली, आणि ती कुठे साठलीय ते तुम्हीच पाहा. ही बाई बोटं खाते. हिचा हात यंत्राला दिला की वलय फुटेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुःखाची घनता म्हणे. ही वलयं मी दर वर्षी फळ्यावर काढते. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची पोरंसुद्धा ती काढतात, आणि त्यातल्या एकानेही अजून मठ उघडलेला नाही.

"ताईचा हात सोडा," म्हणत मी घुसले. कुणीतरी कानफटात दिली. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं. मालक म्हणाला, "बाई, हे तुमचं कॉलेज नाही. गुपचूप घरी जा."

"माझ्या माणसाचा हात ठेचताय आणि मी घरी जाऊन काय करू, भांडी घासू?"

पेडलवर पाय ठेवलेल्या माणसाला सगळे पैलवान म्हणायचे. त्याच्या डाव्या पंजाला बँडेज होतं आणि त्यात तीन बोटं नव्हती. मी त्यालाच विचारलं, "दादा, तुमची बोटं कुठे गेली? पॅकिंगच्या टेबलावर?"

"नाही. याच प्रेसवर."

"मग त्या आतल्या वलयात तुम्ही कुठे आहात? संगणकात प्रत्येक अपघाताचा एक ठिपका असतो. तुमचा ठिपका दाखवायला सांगा."

महाराज गोड हसला. "ठिपका म्हणजे देह, वलय म्हणजे आत्मा. आत्मा दिसत असताना देह पाहू नये, बाळा. ऊर्जा उडून जाते."

"उडू दे," पैलवान म्हणाला. त्याने पेडलवरचा पाय काढला आणि जाऊन महाराजाची मान धरली. "माझी बोटं आहेत ती. माझा ठिपका दाखव."

महाराजाची बोटं कळफलकावर नुसतीच नाचायला लागली. मी त्याला ढकललं आणि वलयं तशीच ठेवून वर ठिपक्यांचा थर चालू केला. एवढंच करायचं होतं. त्याने तो मुद्दाम लपवला होता.

भिंतीवर अकरा काळे ठिपके उमटले. सहा पहिल्या प्रेसवर, पाच दुसऱ्या प्रेसवर. दोन्हींच्या मधल्या पॅकिंगच्या टेबलावर, त्या लालभडक वलयात, एकही नाही.

मागून एक बाई म्हणाली, "मग वलय मधेच कसं आलं?"

प्रश्न रास्त होता. मी पॅकिंगचा भुसा घेतला आणि टेबलावर शेजारी शेजारी दोन ढीग केले. "हे दोन प्रेस. आता बघा." दोन्ही ढीग मी तळव्याने पसरवत नेले. भुसा मध्ये येऊन एकमेकांवर चढला आणि एकच उंचवटा झाला, तोही जिथे मी चिमूटभरही टाकला नव्हता तिथे. "संगणक प्रत्येक ठिपका असाच पसरवतो आणि जिथे थर जाड होतो तिथे गडद वलय काढतो. किती पसरायचं ते माणूस ठरवतो, पडद्यावरची ही पट्टी सरकवून. ह्याने ते वाट्टेल तेवढं वाढवलं."

मी ती पट्टी मागे ओढली. मधलं वलय चिमटलं, तुटलं आणि दोन्ही प्रेसवर एकेक वेगळं वलय जाऊन बसलं.

"आता त्या दोन प्रेसवर काय नाहीये ते तुम्हीच सांगा."

प्रेसला हात आत जाऊ न देणारी जाळी असते. झाकणं भराभर निघावीत म्हणून मालकाने ती काढायला लावली होती. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. माहीत असूनही सगळे भिंतीकडे बघत हात जोडून उभे होते.

मग जे झालं ते वाईट झालं. कुणीतरी पाना फेकला, महाराजाचं कपाळ फुटलं. मालकाला खाली पाडून लाथा घातल्या. ताईला धरणाऱ्याच चौघांनी महाराजाला फरफटत प्रेसपाशी नेलं आणि त्याचा हात साच्यावर दाबला. तो गुरासारखा ओरडत होता. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. मी एक शब्दही बोलले नाही.

बोलली ती ताई. सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "मघाशी मी खात होते, आता हा खातोय का? बोटं प्रेस खातोय. आधी बटण बंद करा." आणि कुणी हलेना तेव्हा तिने स्वतःच जाऊन ते बंद केलं. मग पैलवानाला म्हणाली, "जाळ्या कुठे ठेवल्यात ते तुला माहितीये. घेऊन ये."

तो गेला. पोलीस आले तेव्हा तो एका हाताने पहिल्या प्रेसची जाळी बसवत होता.

ताईचा हात वाचला, त्यात चमत्कार काही नाही. एका माणसाला स्वतःचा ठिपका पाहावासा वाटला, म्हणून वाचला. तुम्हालाही कुणी असंच झकपक चित्र दाखवून एखाद्याचं घर, एखाद्याचा जीव मागेल. तेव्हा हात जोडू नका. ठिपके दाखव म्हणा, आणि आपला ठिपका कुठे आहे ते शोधा. पैलवानाने हे तासभर आधी विचारलं असतं तर ताईचा दातही जागेवर राहिला असता.