पायरीला पाय न लावता

"चंद्र-सूर्य जागा बदलतीन, वैनगंगा उलटी वाहीन, पन या गावचं एक बी पोट्टं त्या चर्चच्या पायरीवर पाय ठेवनार नाई," असं भय्याजींनी मारुतीच्या पारावर उभं राहून जाहीर केलं. सिहोऱ्यात भय्याजींचा शब्द म्हणजे शब्द. बांधावरून भांडण लागलं, मांडवात जावई रुसला, तलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाला सोडायचं हे ठरेना, की लोक भय्याजींकडे जातात. त्यामुळे पारावरच्यांनी माना डोलावल्या. भय्याजींचा शब्द कोणाला विसरू न देण्याचं काम श्रावण बिनपगारी करतो. त्यानं तो दुपारपर्यंत गावभर पोचवला.

त्यानंतरच्या बुधवारी चंद्र-सूर्य जागच्या जागी होते, वैनगंगा रोजच्याच दिशेला वाहत होती, आणि भय्याजी स्वतःच्या नातवाला खांद्यावर घेऊन चर्चच्या पायऱ्या चढत होते.

मधे काय झालं ते सांगितलं पाहिजे.

हे चर्च तलावाच्या पाळीखाली आहे. कौलारू, लहानसं. पायऱ्या मात्र उंच. तलाव फुगला तर पाणी आत येऊ नये, म्हणून बांधणाऱ्यानं दूरदृष्टी वापरली होती, आणि दूरदृष्टी वापरताना गुडघ्यांचा विचार राहून गेला होता. तिथे यंदा मे महिन्यात मुलांसाठी फुकट वर्ग निघाला. वाचन, लेखन, चित्रं, गाणी आणि सुटताना पोहे. शिकवायला भंडाऱ्याहून रीता मॅडम आल्या होत्या.

भय्याजींचा आक्षेप वाचनाला नव्हता, धर्माला नव्हता, पोह्यांना तर मुळीच नव्हता. आक्षेप आवतनाला होता. आमच्याकडे लग्न असो की बारसं, माणूस घरी येतो, हळदीच्या अक्षता देतो आणि "या बरं जी" म्हणतो, तेव्हा कुठे बोलावणं पोचतं. रीता मॅडमनी किराणा दुकानाच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. दुकानाच्या भिंतीवर मिरचीचा भाव लावतात, माणसाला आवतन देत नाहीत, असं भय्याजींचं म्हणणं पडलं. मग पार आला, चंद्र-सूर्य आले आणि शब्द निघून गेला.

त्याच संध्याकाळी नागपूरहून अमरचा फोन आला. अमर हा भय्याजींचा मुलगा. तो आणि अंजू दोघंही नोकरीला, जागा दोन खोल्यांची, म्हणून त्यांचा निकेश लहानपणापासून आजी-आजोबांकडेच वाढला. चौथी पास झाला. भय्याजींच्या सायकलच्या दांडीवर त्याची जागा कायमची. पुढे निकेश नसला तर सायकल एका बाजूला ओढते, असं भय्याजी सांगत. अमरनं व्हिडिओ कॉलवर त्याला पुस्तकातला धडा वाचायला लावला. निकेशनं चित्र पाहून गोष्ट सांगितली. ती पुस्तकातल्या गोष्टीपेक्षा बरी होती, पण पुस्तकात नव्हती.

अमरनं मग वडिलांना स्पष्टच सांगितलं. मेच्या शेवटी येतो. पोराला वाचता आलं तर ठीक, नाही तर नागपूरच्या वसतिगृहाच्या शाळेत घालतो. शाळा पाहून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी भय्याजींनी नातवाला स्वतः शिकवायला घेतलं. दिवसभरात निकेश एवढं शिकला, की भय्याजी खाकरतात कसे आणि चष्मा पुसताना पुटपुटतात काय, ते हुबेहूब करून दाखवू लागला. अक्षरं होती तिथेच राहिली. भय्याजी ताटावरून अर्धवट उठले. त्यांच्या पत्नीनं, सत्यभामाबाईंनी, ताट उचललं आणि म्हणाल्या, "अजी, त्या चर्चमधल्या बाईकडे पाठवा न त्याले. अख्खा गाव तुमच्यापायी अडून हाये."

"शब्द देऊन बसलो मी."

"मंग शब्द ठेवा घरात. पोट्टं जाऊ द्या नागपूरले."

एवढं बोलून त्या भांडी घासायला गेल्या. भय्याजी ओसरीत बसून स्वतःचा शब्द पुन्हा पुन्हा तपासू लागले, जसं बाजारात बैल घेण्याआधी दात तपासतात. आणि एक दात त्यांना हलताना सापडला.

"मी काय बोल्लो होतो? पाय ठेवनार नाई, असंच न?" त्यांनी आतल्या दिशेनं विचारलं. "मंग पाय ठेवनारच नाई."

बुधवारचं दृश्य हे असं जमून आलं. निकेश नऊ वर्षांचा, आणि सत्यभामाबाईंच्या हाताखाली वाढलेला. म्हणजे बियाण्याच्या पोत्यापेक्षा जड, आणि पोतं निदान पाय तरी हलवत नाही. श्रावण पायरीशी पहाऱ्याला होताच. शब्दाचं काय झालं, असं त्यानं विचारलं. पोट्ट्याचा पाय कुठे टेकला ते दाखव, असं भय्याजींनी वरून विचारलं. श्रावणनं पाहिलं, खरंच कुठे टेकला नव्हता.

"पन तुमचा टेकला न, भय्याजी."

"मी काय पोट्टा हावो काय गा?"

श्रावण घरी गेला आणि स्वतःच्या नातीला, मोनाला, खांद्यावर घेऊन परत आला.

आठवडा संपायच्या आत सगळा गाव उचलाउचलीला लागला. शब्द भय्याजींचा असला तरी दिला होता गावाच्या नावानं, त्यामुळे एकही मूल पायरीवर पाय ठेवून आत जाणं शक्य नव्हतं. कोणी पाठुंगळी, कोणी कडेवर, कोणी दोन भावांना दोन काखोट्यांत. उंबऱ्याच्या आत मूल ठेवायचं, कंबर सरळ करायची आणि शेतावर जायचं, सुटताना येऊन तसंच खाली उतरवायचं. चर्चमध्ये नेहमी येणाऱ्या घरांतली मुलं इतकी वर्षं मुकाट्यानं पायऱ्या चढत होती. तीही आता पायथ्याशी हात वर करून उभी राहू लागली.

पास्टर विनोद नवीनच बदलून आले होते. शिक्षणाला निघालेल्या मुलाचे पाय मातीला लागू द्यायचे नाहीत, अशी या भागाची प्राचीन रीत असावी, असा त्यांनी निष्कर्ष काढला. रोज सकाळी ते दारात चपला काढून, हात जोडून उभे राहू लागले. एवढा मान मिळतो आहे म्हटल्यावर गावकऱ्यांनीही तपशिलात जाणं टाळलं.

रीता मॅडमना मात्र उचलून आणलेलं मूल असो की चालत आलेलं, दोघांना एकच वागणूक. मूल चटईवर टेकलं की त्याच्या हातात गोष्टीचं पुस्तक. निकेशनं पहिल्याच दिवशी चित्र पाहून गोष्ट सुरू केली. मॅडमनी ती शेवटपर्यंत ऐकली, छान आहे म्हणाल्या, आणि चित्रावर तळहात ठेवून आता खालचं सांग म्हणाल्या. खालचं सांगायला निकेशला दोन आठवडे लागले. पण एकदा लागलं ते लागलं. मग तो एसटीवरची पाटी वाचू लागला, खताचं पोतं वाचू लागला, भिंतीवरचे मागच्या निवडणुकीतले उमेदवार वाचू लागला. न अडखळता वाचलेलं त्याचं पहिलं सबंध वाक्य 'केवल बाहरी उपयोग के लिए' हे होतं. ते भय्याजींच्या कमरेला लावायच्या मलमाच्या नळीवर होतं.

कारण एकीकडे निकेशचं वाचन सुधारत होतं आणि दुसरीकडे, त्याच गतीनं, भय्याजींची कंबर जात होती. वर्ग संपायला थोडे दिवस उरले असताना एका सकाळी त्यांनी नातवाला उचलायला वाकून हात पुढे केले आणि तसेच राहिले. सत्यभामाबाईंनी आणि शेजारच्या कलाबाईंनी त्यांना होते त्याच आकारात बाजेवर ठेवलं. निकेश चालत जातो म्हणाला. भय्याजी बाजेवरून नाही म्हणाले. अमर आठवड्यावर आला होता, पोराचं वाचन अजून जोडाक्षराशी अडत होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शब्द हाही त्या घरातला जुना माणूस होता.

त्या दिवशी निकेश घरीच राहिला. दुपारी चौकशीला रीता मॅडम आल्या. भय्याजींनी हवा-पाण्याच्या गोष्टी सुरू केल्या. सत्यभामाबाईंनी पदर खोचला आणि पारापासून मलमापर्यंत सगळं सांगून टाकलं.

महिनाभर अख्खा गाव आपल्या चार बोटं कागदापायी मुलं वाहतो आहे, हे पचायला मॅडमना थोडा वेळ लागला. मग त्यांनी सत्यभामाबाईंकडेच चिमूटभर हळद आणि मूठभर तांदूळ मागितले. दोन्ही तळहातावर कालवले, चपला घातल्या, अंगणात गेल्या, आणि पाहुण्यासारख्या पुन्हा उंबऱ्याशी आल्या.

"भय्याजी, आहात का घरी?" त्यांनी विचारलं. "रविवारी आमच्या वर्गाचा समारोप आहे. आवतन द्यायला आले."

भय्याजी कण्हत कण्हत कोपरावर उठले. स्वतःच्याच घरच्या तांदळाच्या अक्षता त्यांनी मोठ्या मानानं ओंजळीत घेतल्या.

"कोना-कोनाले हाये?"

मॅडमनी सत्यभामाबाईंकडे पाहिलं. सत्यभामाबाईंनी ओठ हलवले.

"चूलबंद," मॅडम म्हणाल्या. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. याच्यापेक्षा मोठा मान नाही.

भय्याजींनी तिथल्या तिथे निकाल दिला. आवतन आलं, शब्द सुटला. संध्याकाळपर्यंत श्रावणनं हेही गावभर पोचवलं. दुसऱ्या दिवशी मुलं पायांनी पायऱ्या चढली. मोनानं खालीच बसकण मारली आणि चालत जायचं असेल तर शाळाच नको म्हणाली, पण असे प्रकार थोडे झाले.

रविवारी अमर नागपूरहून मोटारसायकलवर आला आणि घरी न थांबता सरळ चर्चमध्ये येऊन बसला. भय्याजी कमरेला पट्टा बांधून, धोतराची घडी सांभाळत, कोणाचा हात न धरता पायऱ्या चढले. त्यांना मानाचं म्हणून पुढच्या ओळीत बसवलं. पुढच्या ओळीत मुलांचे ठेंगणे बाक होते.

निकेश उभा राहिला आणि त्यानं गोष्टीचं एक पान वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अमरनं वाजवल्या नाहीत.

"पाठ करून घेतलं असन," तो म्हणाला. त्यानं खिशातून वसतिगृहाचं माहितीपत्रक काढलं. "हे वाच."

भय्याजींनी बाकाची कड घट्ट धरली. निकेशनं रंगीत इमारतीचा फोटो पाहिला, त्यावर तळहात ठेवला आणि खालचं वाचायला लागला.

"सकाळी साडेचारला उठणे अ... अ-नि..." तो थांबला. रीता मॅडमचे ओठ हलायला निघाले, त्यांनी ते दाबून धरले. भय्याजींनी डोळे मिटले. "अ-नि-वा-र्य. अनिवार्य." मागे कोणीतरी सुस्कारा सोडला. "मोबाईल आणू नये. घरचा डबा आणू नये. दोन्ही वेळच्या जेवणात पोळी-भाजी. भात फक्त रविवारी."

चर्चमध्ये एकदम शांत झालं. इतकं शांत तिथे प्रार्थनेलाही होत नसावं. बसलेल्या प्रत्येकाच्या घरात धानाची कोठी होती.

"काय म्हंते?" श्रावण म्हणाला. "आनखी एक डाव वाच, बाबू."

निकेशनं पुन्हा वाचलं. भात फक्त रविवारीच निघाला.

"अमर," सत्यभामाबाईंनी मागच्या ओळीतून विचारलं, "तू हे वाचलं नोतं काय?"

"फोटो पायला होता," अमर हळूच म्हणाला.

"म्हंजे तू बी चित्र पाहूनच गोष्ट सांगून राहिला होता."

अमरनं माहितीपत्रकाची घडी केली, आणखी एक घडी केली, मग आणखी एक. तोही याच गावच्या भातावर वाढला होता. "राहू द्या इथंच," तो शेवटी म्हणाला. "वाचते तं खरंच तो."

भय्याजींनी डोळे उघडले ते ओले होते. उन्हाळ्यात चर्चमध्ये धूळ फार येते, असं ते शेजारच्याला म्हणाले.

पास्टर विनोद पुढे आले. या गावाइतका शिक्षणाचा मान आपण कुठे पाहिला नाही, असं ते सांगत राहिले, आणि कोणीही त्यांना अडवलं नाही. मग सगळ्यांनी मिळून फोटोसाठी उभं राहावं अशी त्यांनी विनंती केली. सगळे उभे राहिले. मुलं पुढे, बाया डावीकडे, गडी मागे.

भय्याजी उठले नाहीत.

हळूहळू ते सगळ्यांच्या लक्षात आलं. मान कुठे कमी पडला, याचा पास्टरांनी भराभर विचार केला. अमरनं घडी केलेलं माहितीपत्रक खिशात दडवलं. श्रावण गर्दीतून वाट काढत अगदी जवळ येऊन उभा राहिला, कारण शब्द पहिल्या तोंडानं ऐकलेला बरा असतो. भय्याजींनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि रीता मॅडमना बोटानं जवळ बोलावलं. मॅडम वाकल्या.

"मॅडम," भय्याजी म्हणाले, "हा बाक लय खाली हाये. कोनाले तरी मले उठवून द्याले सांगा."