न फिरता केलेले काम

मित्रांनो, मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. लाकडी, हाताने फिरवायचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पॉट पाहिलाही नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. कंटाळा आला तर पुढे जा, मला राग येणार नाही. बाहेर सागाच्या फळ्यांची बादली, तिला लोखंडी पट्ट्या. आत पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पंखा, वर दातेरी चाके आणि एक दांडा. बादली आणि डबा यांच्या मधल्या जागेत बर्फ आणि खडे मीठ भरायचे. नुसत्या बर्फाने दूध गार होते. बर्फात मीठ पडले की त्याचा गारवा असा काही वाढतो की दूध गोठते. माझ्याजवळ एवढीच विद्या आहे.

मला पनवेलच्या एका सुताराने घडवले आणि आपटा गावच्या तुळशीरामबाबांनी घरी आणले. तेव्हा ते तरुण होते आणि खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते, त्यामुळे मिठाला तोटा नव्हता. हळद असो, बारसे असो, शाळेचा कार्यक्रम असो, ते मला खांद्यावर घेऊन निघत. सीताफळ आणि हापूस हे माझे दोन हुकमी पदार्थ. बाबा मुळात अबोल. चार माणसांत त्यांना काय बोलावे ते सुचत नसे. पण माझा दांडा हातात आला की मुले भोवती जमत, बायका चौकशी करत आणि त्यांना न बोलता बोलल्याचे समाधान मिळे. दांडा जड लागू लागला की समजायचे, आइस्क्रीम झाले. त्या जडपणाचा मला फार अभिमान वाटे.

पुढे मिठागर बंद पडले. घरात फ्रिज आला. मला स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चढवले आणि अठरा वर्षे मी तिथेच होतो. माझ्या फळ्या सुकल्या, पालीने डब्याआड अंडी घातली. मी कुरकुर केली नाही. खरे सांगायचे तर मलाच वाटू लागले होते की आता आपल्याला काही जमायचे नाही.

माळ्यावरून स्वयंपाकघर मात्र चांगले दिसे. बाबांची सून प्राची तिथेच टेबलाशी बसून चमच्यात थेंब काढी, ते मी पाहिले. प्राचीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते आणि या वेळीही तिची साखर वाढली होती. अशा आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते. पहिल्या मुलीच्या, समृद्धीच्या वेळी तसेच झाले होते. प्राचीला दूध यायला तीन दिवस लागले आणि तेवढ्यात बाळाला दुसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत नेऊन ठेवावे लागले. टाके पडलेली प्राची खाली, लेक वर. ते दिवस ती विसरली नव्हती.

म्हणून या खेपेला डॉक्टरांनीच सुचवले. सदतिसावा आठवडा लागला की रोज थोडे थोडे पहिले दूध हाताने काढायचे, बारीक सिरिंजमध्ये ओढायचे, टोपण लावून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवायचे. हे पहिले दूध म्हणजे चीक. गाईच्या चिकाचा खरवस तुम्ही खाल्ला असेल. आईचा चीकही तसाच पिवळसर आणि घट्ट असतो, आणि येतो मात्र अगदी थेंबाथेंबाने. पहिल्या दिवशी प्राचीला अर्धा तास बसून पाच थेंब मिळाले. ती ते बघून हसली, जणू काही हंडा भरला!

तिच्या सासूबाईंना, गुणाबाईंना, हे मुळीच पटले नव्हते. बाळ जन्मायच्या आधी त्याचे झबलेसुद्धा घरात आणायचे नाही, अशी त्यांची रीत.

"गाय पन वासरू व्हायच्या आदी कोन पिलत नाय," त्या म्हणाल्या. "पोर पोटात हाय, आन त्याचं दूध डब्यात?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरला काय, त्याच्या घरचं थोडीच हाय!"

तरीही सिरिंजा साठत गेल्या. अकरा झाल्या. बुधवारी सकाळी पनवेलच्या दवाखान्यात दाखल व्हायचे ठरले.

आणि सोमवारी दुपारी वादळ आले. परतीच्या पावसाचे ते वादळ तासभरच टिकले. पण विजेचे खांब वाकले आणि पनवेलच्या रस्त्यावर मोठमोठी झाडे आडवी झाली. प्राचीचा नवरा प्रणित उरणला कामावर होता, तो तिकडेच अडकला. घरात सून, सासू, सासरे आणि छोटी समृद्धी. वीज नाही. मंगळवारी सकाळी फ्रिजखाली पाण्याचे ओघळ दिसले.

प्राचीने फ्रीजर उघडला. एकेक सिरिंज बोटांनी दाबून पाहिली. नऊ अजून टणक होत्या. कडेच्या दोन वितळल्या होत्या.

"या दोन गेल्या," ती म्हणाली. "आता परत गोठवता येत नाहीत. आणि दुपारपर्यंत बाकीच्याही जातील."

त्या दोन सिरिंजा घेऊन ती मोरीपाशी गेली आणि तिथेच थांबली. तिच्याने त्या ओतवेनात. ती रडू लागली, आवाज न करता. गुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"प्रणितच्या वक्ताला," त्या हळूच म्हणाल्या, "सुईनीनं सांगितलं, पयलं दूध जड, बाधंल, पिलून टाक. तीन दिस मी मोरीतच पिलून टाकलं. पोराला गुलाचं पानी पाजलं. मला कोनी रडू पन दिलं नाय."

प्राचीने त्या दोन सिरिंजा मोरीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि डोळे पुसले. गुणाबाईंनी पिठाचे हात झटकले आणि ओसरीकडे हाक मारली, "अवो! गोठलेलं कसं टिकवायचं ते तुमाला नाय म्हाईत तर कोनाला म्हाईत? बसून काय ऱ्हायलात?"

बाबा दारात आले. त्यांनी फ्रिजकडे पाहिले, मग वर, माझ्याकडे. मित्रांनो, अठरा वर्षांनी कोणी माझ्याकडे असे पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

बर्फ मिळाला तो वादळामुळेच. मासे विकणाऱ्या भगवानचा टेम्पो झाडांमुळे आपट्यातच अडकून पडला होता. "माशांचा बाजार तं गेलाच, बाबा, बर्फ तरी सत्कारणी लागू दे," म्हणत त्याने भुशात गुंडाळलेल्या दोन अख्ख्या लाद्या आणून टाकल्या. अडले ते मिठापाशी. दुकानात बारीक मिठाच्या पुड्या होत्या.

"बारीक लगेच इरघलतं," बाबा म्हणाले. "खडंच पायजे."

घरात खडे मीठ होते. बंद पडलेल्या मिठागरातले शेवटचे अर्धे पोते गुणाबाईंनी खाटेखाली ठेवले होते. दृष्ट काढायला त्यातले चार खडे निघत; शेजारणीने मागितले तरी त्या देत नसत. बाबांना ते ठाऊक होते, पण मागायचा धीर होत नव्हता. गुणाबाई स्वतःच वाकल्या आणि पोते ओढत स्वयंपाकघरात आणले.

"सगलं घ्या."

"दृष्टीला?"

"दृष्ट लागायला पोर तं हातात येऊ दे!"

मग माझी परीक्षा सुरू झाली. पंखा काढून डबा उकळत्या पाण्याने धुतला, कोरडा पुसला. प्राचीने नऊ सिरिंजा बंद पिशवीत घालून आत ठेवल्या. बाबांनी बर्फ आणि मीठ थराथराने भरले. आणि मी गळलो. सुकलेल्या फळ्यांच्या फटींतून खारे पाणी सगळीकडून वाहू लागले. भर सभेत तोंडून शब्द फुटू नये तशी माझी अवस्था झाली. बाबांनी मला ओले गोणपाट गुंडाळून सुंभाने करकचून बांधले. गुणाबाईंनी मोठा टोप आणून त्यात मला बसवले. लाकूड पाणी पिते, पण सावकाश पिते. मी जेवढे प्यायचे तेवढे प्यायलो.

दरम्यान बाबांनी सवयीने वर चाके बसवली आणि दांड्याला हात घातला.

"बाबा, फिरवू नका!" प्राची ओरडली.

बाबांनी चटका बसल्यासारखा हात काढला. "हात ऐकत नाय गो," ते ओशाळून म्हणाले. चाके आणि दांडा त्यांनी काढूनच ठेवला. माझे सारे आयुष्य फिरण्यात गेलेले. नुसते बसून राहणे एवढे अवघड असेल असे मला वाटले नव्हते.

बर्फ फोडायचा आवाज ऐकून शेजारच्या रंभाबाई डोकावल्या. "काय गुणाबाय! गावात लाईट नाय आन तुमच्याकडं आइस्क्रीम? कोनाचा बड्डे हाय?"

प्राचीने मान खाली घातली. सासूबाई काय बोलतील कोण जाणे.

"आमच्या पोराचा," गुणाबाई म्हणाल्या. "उंद्या हाय."

दुपार चढली. तासातासाने बाबा टोपातले पाणी काढत, वरून बर्फ घालत, मीठ घालत. हळूहळू माझ्या फळ्या फुगल्या. गळती थेंबांवर आली, मग थांबली. बादलीच्या कडेवर पांढरे दव धरले. बाबांनी ते बोटाने पुसून पाहिले आणि कोणाला दिसणार नाही असे हसले. ते मला दिसले.

चार वाजता रस्ता मोकळा झाला आणि प्रणित गाडी घेऊन आला. बुधवारची वाट न पाहता सगळे निघाले. मी बाबांच्या मांडीवर. पनवेलला दवाखान्याच्या दारात रखवालदाराने अडवले.

"आजोबा, आत आइस्क्रीम विकता येणार नाही."

"इकायला नाय, बाबा," ते म्हणाले. "पोचवायला आनलंय."

वरच्या मजल्यावर शांती नावाच्या नर्सने झाकण काढले. एक सिरिंज उचलून तिने नखाने वाजवली. टक्क! दुसरी. टक्क! नऊच्या नऊ.

"आजोबा, दगड आहेत सगळ्या!" ती म्हणाली. "यात आणल्या? खरंच?" तिने आणखी दोन परिचारिकांना बोलावून मला दाखवले आणि सिरिंजा लगेच दवाखान्याच्या फ्रीजरमध्ये नेल्या.

बुधवारी दुपारी मुलगा झाला. मी बाहेर बाकाखाली होतो, बाबा बाकावर. आत काय झाले ते पुढे गुणाबाईंनी सांगितले म्हणून मला कळले. बाळाची टाच टोचून साखर पाहिली, ती उतरली होती. प्राची शस्त्रक्रियेच्या गुंगीत होती, दूध अजून आले नव्हते. शांती सिस्टरने सिरिंज कोमट पाण्यात धरून सोडवली आणि गुणाबाईंच्या हातात दिली. "आजी, गालाच्या आतून, थेंब थेंब. घाई नको." पहिला थेंब गेला, बाळाने ओठ मिटले. मग उघडले. चार सिरिंजा लागल्या. पुन्हा टाच टोचली.

बाबा दाराकडे टक लावून होते. बराच वेळ कोणी येईना. त्यांनी दोनदा उठून पुन्हा बसकण मारली. शेवटी दार उघडले आणि गुणाबाई आल्या. त्यांच्या लुगड्यावर पिवळा डाग पडला होता.

"पोर आयशीपाशीच हाय," त्या म्हणाल्या. "नेलं नाय कुटं."

बाबा उठले. त्यांनी मला उचलले, जिन्याखालच्या नळावर नेले आणि आतून बाहेरून स्वच्छ धुतले. मीठ लोखंड खाते. पट्ट्यांवर ते रात्रभर राहू देऊ नये. नातवाचे तोंड पाहायची एवढी घाई असतानाही त्यांनी आधी मला धुतले, आणि मग सदऱ्याला हात पुसत ते आत गेले.

मित्रांनो, मी नळाखाली निथळत होतो आणि माझा ऊर भरून आला होता. मी हजारो लोकांना आइस्क्रीम खाऊ घातले, पण त्या चार सिरिंजांमधले दूध सगळे मिळून चहाच्या एका चमच्याएवढेही नव्हते, आणि तरी माझ्या आयुष्यातले मोठे काम ते. जास्त बोललो असेन तर क्षमा करा. एकच मागतो. तुमच्या घरी माळ्यावर कोणी पडून असेल, तर वर्षातून एकदा त्याला खाली काढा आणि त्याच्या लाकडाला थोडे पाणी पाजा.