लोटनचा जवाब

धुळ्याच्या स्टँडजवळच्या हॉटेलात सॅक्सोफोनची रेकॉर्ड लागली आणि मालक म्हणाला, "लोटनभाऊ, तुम्हीच ना हे?" मी शेजारीच होतो. लोटनच्या बशीतला चहा तसाच राहिला.

मी निंबा, आमच्या बँडात ताशा वाजवायचो. कौतिक आणि लोटन टेनर सॅक्सोफोनवाले. विलायतेला निघालेल्या भुसावळच्या एका गोऱ्या रेल्वे गार्डाने दोन्ही वाद्यं त्यांना दिली आणि आपल्या जाझच्या रेकॉर्डी ऐकवून भांडायलाही शिकवलं. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा. दहा वर्षं त्या भांडणावर खानदेशातल्या वराती नाचल्या. लोटनच्या जवाबाच्या शेवटी एक हुंदका यायचा. स्वतःच्या लेकीच्या पाठवणीत वाजवताना त्याचा दम तुटला होता, तेव्हापासूनचा तो.

रेकॉर्डमध्ये तो हुंदका होता. रेकॉर्ड भरायची तर मुंबईत, आणि लोटनने उभ्या जन्मात मुंबई पाहिली नव्हती. गेला होता कौतिक, एकटाच, वाद्याच्या तोंडात बसवायच्या वेताच्या पत्त्या आणतो म्हणून. लोटनसाठीही आणल्या होत्या, बरं का!

"हाऊ हुंदका मना शे, निंबा," लोटन म्हणाला.

तसाच उठून त्याने कौतिकचं घर गाठलं. मीही मागे गेलो. कौतिक ना लाजला, ना चिडला. रेकॉर्ड कंपनीला एकच माणूस हवा होता म्हणे, म्हणून सवाल आणि जवाब दोन्ही त्यानेच फुंकले.

"तुना जवाब मी सोडा का? बठ्ठा वाजाडा," एक सूरही गाळला नाही म्हणे, वर उपकार केल्यासारखं बोलला. दहा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी त्याला नाही नाही ते बोललो. लोटनने पायात वहाणा सरकवल्या.

चोपड्याच्या लग्नाची सुपारी आधीच घेतलेली होती, म्हणून सगळेच गेलो. वैशाखातलं ऊन. मारुतीच्या पाराशी वरात थांबली, लोकांनी रिंगण धरलं. कौतिकने सवाल टाकला. लोटनने सॅक्सोफोन तोंडाला लावलाच नाही. मी ताशा चालू ठेवला. म्हटलं, आता कळेल या हरामखोराला.

कौतिकने जरा वाट पाहिली. मग दम भरून जवाबही त्यानेच दिला, हुंदक्यासकट. रिंगणात शिट्ट्या वाजल्या. जवाब कोणी दिला, हे एकानेही विचारलं नाही.

नवरदेवाच्या मामाने लोटनला पाहिलं. रिकामाच उभा आहेस तर ही धर म्हणाला, आणि नवरदेवावरची छत्री त्याच्या हातात दिली. लोटनने सॅक्सोफोन पाठीवर टाकला. वरात मांडवाला लागेपर्यंत त्याने नवरदेवाला ऊन लागू दिलं नाही.